दीड महिन्याचा अबोला

माझ्यामुळं एका बाईचा आणि देवाचा दीड महिना अबोला होता. ती बाई म्हणजे माझी सासू. अबोला देवानं धरला नव्हता, तिनंच धरला होता, पण धरायला लावला मी. ही गोष्ट मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष म्हणून कधी सांगितली नाही. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं, ती साक्ष; ती देताना माणूस शेवटी चांगला दिसावा लागतो आणि यात मी फारशी चांगली दिसत नाही.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आमचं घर नळदुर्गात, हायवेपासून दोन गल्ल्या आत. दोन खोल्या, मागं पत्र्याची पडवी आणि पडवीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. त्या उखळात आत्या शेंगदाण्याची चटणी कुटते आणि हायवेवरच्या दोन ढाब्यांना देते. मिक्सरचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडतात. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. नवरा ढोकीला साखर कारखान्यावर कामाला, तिथंच खोली करून राहायचा आणि रविवारी घरी यायचा. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस घरात आम्ही तिघी: आत्या, मी आणि माझी चौथीतली मुलगी.

रोज संध्याकाळी जेवणाआधी आमच्याकडं प्रार्थना असते. एक गीत म्हणायचं, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि मग एकेकानं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची. लहानापासून सुरुवात, शेवट घरातल्या मोठ्या माणसानं करायचा. ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना सांगते, भांडायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. समोरच्याला मध्ये बोलता येत नाही, उठून जाता येत नाही, आणि तुमचं बोलून झालं की त्याला आमेन म्हणावंच लागतं. माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं की आत्या देवाला म्हणायची, या घरातल्या हातांना चव दे. दुसऱ्या दिवशी मी देवाला म्हणायची, या घरातल्या जिभांना गोडवा दे. नवरा घरी असला की एक डोळा किलकिला करून आमच्याकडं बघायचा आणि पटकन मिटून घ्यायचा. पण घरात मोठी ती, म्हणून शेवटचा शब्द कायम तिचा. दहा-अकरा वर्षं मी माझ्याच कागाळ्यांवर आमेन म्हणत आले.

माझं माहेर सोलापूरचं. वडील शिक्षक, मंडळीत मान असलेले. त्यांची प्रार्थना ऐकायला लोक मुद्दाम पुढच्या बाकावर बसायचे. मी त्यांच्याकडून शिकले. त्यामुळं माझी प्रार्थना म्हणजे नीट लिहिलेला अर्ज असायचा. वर मायना, मध्ये विषय, खाली आपली नम्र. आत्याला लिहिता-वाचता येत नाही आणि तिची संध्याकाळची प्रार्थनाही ओबडधोबड असायची. मनातल्या मनात मी तिला कमी गुण द्यायचे.

पण सकाळची गोष्ट वेगळी होती. पहाटे पाचला आत्या पडवीत जाते, शेंगदाणे भाजते, लसूण सोलते आणि कुटायला बसते. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये नुसता पत्रा आहे. लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, रोज एवढ्या सकाळी शेजारीण गप्पा मारायला येते की काय. चार दिवसांनी बघितलं तर पडवीत आत्या एकटीच. ती देवाशी बोलत होती. गुडघा कुठं दुखतो, आजच्या शेंगा जरा खवट निघाल्या, काल ढाब्यावर एका ट्रकवाल्यानं घरी न्यायला चटणी मागून घेतली, असलं सगळं. मागणं काही नाही. मुसळाचे चार-पाच घाव घालायची, मग थांबायची. थोडा वेळ गप्प. मग म्हणायची, "व्हय, ते बी खरंच हाय," आणि परत कुटायला लागायची. या बोलण्याला सुरुवात नव्हती आणि शेवटी आमेनही नव्हतं. कालचं जिथं राहिलं असेल तिथून आज पुढं. चटणीला त्यामुळं तास-सव्वा तास लागायचा.

संध्याकाळी ज्याच्यापुढं आम्ही एकमेकींची गाऱ्हाणी मांडायचो तोच देव सकाळी आत्यापाशी गोणपाटावर बसलेला असायचा, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

एका रविवारी पाळकसाहेबांनी देवाच्या मैत्रीवर उपदेश केला. तो आपल्याला नोकर म्हणत नाही, मित्र म्हणतो, असा विषय होता. शेवटी त्यांनी विचारलं, देव माझा मित्र आहे असं कोण कोण म्हणू शकेल, हात वर करा. पहिला हात माझा होता. आत्यानं हात वर केला नाही. घरी येताना मी तिला जरा खोचकपणेच विचारलं, की हात वर का नाही केला.

"हात कशाला वर करायचा, शाळा हाय का?" ती म्हणाली. "त्याला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय." आणि थोडं पुढं गेल्यावर तिनं मला विचारलं, "तू काय काय सांगतीस त्याला?"

मी म्हटलं, मागण्या असतात, आभार असतात. ती बरं म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

त्याच वर्षी मार्चमध्ये मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला मुलाखत देऊन आले. तिथं एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा होती. लग्नाआधी दोन वर्षं मी असंच एक वसतिगृह सांभाळलं होतं आणि ते काम मला जमायचं, आवडायचंही. राहायला खोली मिळणार होती, मुलीला तिथल्याच शाळेत घालता आलं असतं आणि ढोकीहून वाशी नळदुर्गापेक्षा जवळ. नवऱ्याची ना नव्हती. आत्यानं तोंडावर काहीच म्हटलं नाही. संध्याकाळी मात्र देवाला म्हणाली, घरापासून लांब जाणाऱ्या वाटा आमाला दावू नको. मी दुसऱ्या दिवशी देवाला म्हटलं, तू उघडलेलं दार माणसांनी लावून घेऊ नये. मुलीनं दोन्ही दिवशी मोठ्यानं आमेन म्हटलं.

संस्थेचा कारभार जुन्या वळणाचा. आठवड्याभरात पत्रानं कळवू, असं त्यांनी सांगितलं होतं. तीन आठवडे गेले, पत्र आलं नाही. फोन करून विचारायला माझा मान आडवा येत होता. जीव टांगणीला लागला होता. शेवटी मी मनाशी धरून चालले की जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. चिडचिड व्हायची, पोरीवर उगाच डाफरायचे.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी मी चहा ठेवायला उठले, तेव्हा पत्र्यापलीकडून आत्याचा आवाज आला. मुसळ थांबलं होतं.

"ते पाकीट म्या लाल झाकणाच्या डब्यात ठिवलंय. तुला तर म्हाईतच हाय. रोज रोज दे दे म्हणू नको, देईन म्हटलंय न्हवं. पर ती गेली, पोर गेली, की म्या कुणासंगं जेवू? तू बसतोस व्हय ताटावर?" मग बराच वेळ काही नाही. मग हळू आवाजात, "व्हय. बसतोस. म्हाईत हाय. तरी बी."

आणि परत मुसळाचा आवाज सुरू झाला.

मला राग आला म्हणजे इतका आला, की चहा उतू गेलेला कळला नाही. मी त्यातलं पाकीट एवढंच ऐकलं. कुणासंगं जेवू, हे माझ्या कानावर पडलं होतं, पण मी ते ऐकलं मात्र बऱ्याच दिवसांनी.

खरं तर तिथल्या तिथं पडवीत जायचं, डबा उघडायचा आणि काय ते बोलून टाकायचं. पण माझा स्वभाव तसा सरळ नाही. मी दिवसभर मूग गिळून बसले. कपडे धुतले, मुलीचा अभ्यास घेतला आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. मला एकदा तरी शेवटचा शब्द हवा होता.

संध्याकाळी गीत झालं, वाचन झालं. मुलीनं परीक्षेसाठी प्रार्थना केली. मग मी सुरू केलं. वडिलांची सगळी शिकवण कामाला लावली.

"हे सर्वज्ञ पित्या, तुझ्यापासून काही लपलेलं नाही. लाल झाकणाच्या डब्यात काय आहे ते तू पाहतोस. सकाळी उखळापाशी कोण काय बोलतं ते तू ऐकतोस. आणि तू एकटाच ऐकत नाहीस. आमेन."

मुलगीसुद्धा आमेन म्हणायची विसरली. आत्याची पाळी आली.  तिनं स्वतःची प्रार्थना केलीच नाही. एकदम सगळ्यांना पाठ असते ती प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली, जी ती लहानपणापासून रोज म्हणत आलीय, आणि मध्येच चुकली. मुलीनं पुढची ओळ सांगितली, तरी तिला लागेना. शेवटी मुलीनंच ती पुरी केली. आत्या उठली, पडवीत गेली आणि पाकीट आणून माझ्यापुढं ठेवलं. त्याला तेलाचे डाग पडले होते आणि लसणाचा वास येत होता. जागा मलाच मिळाली होती. जूनमध्ये शाळा उघडायच्या दोन दिवस आधी हजर व्हायचं होतं.

त्या संध्याकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या. जिंकल्यासारखं वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत नुसतं मुसळ. धप्प धप्प धप्प, एका लयीत, मध्ये कुठंही न थांबता. अर्ध्या तासात चटणी तयार. मला वाटलं, आज घाई असेल. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी पत्र्याला जवळजवळ कान लावून उभी राहिले. एक शब्द नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेतही ती आता फक्त प्रभूची प्रार्थना म्हणायची, तीसुद्धा मुलीच्या मागून. टोमणे बंद, गाऱ्हाणी बंद. घरात शांतता नांदायला लागली आणि ती मला सोसेना.

माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. पीठ संपलंय, गॅस लावून ठेव, एवढंच. पण ताट वाढताना एक गोष्ट तिनं सोडली नाही. मला चटणीवर कच्चं तेल लागतं. चटणीत बोटानं खळगा करून ती त्यात तेलाची धार सोडते, पहिल्या दिवसापासून. रागाच्या त्या दिवसांतही ती न बोलता खळगा करायची, तेल सोडायची आणि ताट पुढं सरकवायची.

मेच्या सुरुवातीला ढाबेवाला स्वतः घरी आला. म्हणाला, "मावशी, चटणीत काय तरी कमी पडतंय. पहिल्यावानी तेल सुटंना."

"शेंगाच तसल्या निघाल्या," आत्या म्हणाली.

शेंगा त्याच पोत्यातल्या होत्या, मला माहीत होतं. तो गेल्यावर मी न्हाणीत जाऊन रडले. तोपर्यंत मला वाटत होतं, मी नुसतं एक पाकीट मिळवलं. आता कळलं, की मी एका म्हातारीची रोजची बैठक मोडली होती. मी वाशीला जाणार, पोर जाणार, मुलगा ढोकीला. तिला एकटीला सोडून जातोय असं मला आधी कधी वाटलंच नव्हतं, कारण ती एकटी नसायचीच. पहाटे तिच्याकडं येणारं कुणीतरी होतं. आता ते दार तिनं लावून घेतलं होतं आणि मी जूनमध्ये ट्रंक उचलून चालू पडणार होते.

मी उपाय करायला लागले. आधी संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाची माफी मागितली, आत्याला ऐकू जाईल अशी, चांगल्या शब्दांत. तिनं आमेन म्हटलं आणि भाकरी करायला उठली. मग मी पाळकसाहेबांना गाठलं. सगळं सांगायची लाज वाटली, म्हणून नुसतं म्हटलं, की आत्या हल्ली मोठ्यानं प्रार्थना करत नाहीत. ते म्हणाले, मनातली प्रार्थनाही देवाला पोहोचते. घरी आले, वीस मिनिटं प्रार्थना केली, चटणी-भाकरी खाऊन गेले. जाताना चटणी छान आहे म्हणाले. तेव्हाच मी ओळखलं, की यांना काही कळलेलं नाही.

मग मी सकाळी घराबाहेर जायला सुरुवात केली. माझ्या कानांची तिला अडचण होत असणार, असा माझा हिशेब. साडेपाचला दुधाची किटली उचलायची, ती मुद्दाम दोनदा दारावर आपटायची, दूध आणते म्हणून ओरडून सांगायचं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दूधवाल्या काकूंकडं जायचं. त्यांच्या ओट्यावर अर्धा तास काढायचा. पण परत यावं तर उखळ धुतलेलं, मुसळ शेजारी आडवं आणि चटणी डब्यात भरलेली. म्हणजे आजही बोलणं नाही.

मेचा शेवट आला. एका रविवारी नवऱ्याला सांगितलं, की मी बहुतेक जाणार नाही वाशीला. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. तो कान खाजवत बसला. म्हणाला, "तुमच्या दोघींच्या मधी पडायला मी कधी भ्यालो न्हाय. पर तिच्या आन् देवाच्या मधी मी न्हाय पडणार." मला हसू आलं आणि रागही आला. मधे तर मीच पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या पडवीत शेंगा फोडायला बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि फोडायला लागले. मूठभर शेंगा फोडेपर्यंत मला शब्द सापडेना. दहा-अकरा वर्षांत तिला जे काही सांगायचं ते मी देवाला सांगत आले होते, डोळे मिटून. डोळे उघडे ठेवून तिच्याशी बोलायची मला सवयच नव्हती.

"आत्या, मी चुकले," मी म्हटलं. "तुमचं बोलणं मी चोरून ऐकलं आणि वर ते तुमच्याच तोंडावर फेकलं. मला माफ करा. आता मी सकाळी घरात नसते. तुम्ही बोला त्याच्याशी, पहिल्यासारखं."

ती शेंगा फोडत राहिली. मला वाटलं, हेही वाया गेलं. मग म्हणाली, "तुझ्यापायी न्हाय म्या गप बसले."

मला कळलं नाही. ती म्हणाली, "तू ऐकलंस तर ऐकलंस. पत्राच हाय मधी, मला काय म्हाईत न्हवतं? राग आला हुता, गेला. पर तो मला तीन आठवडे सांगत हुता, दे तिचं पाकीट. रोज सांगत हुता. म्या ऐकलं न्हाय. शेवटी तुज्या तोंडून निघालं, तवा दिलं. इतक्या वर्सांचा सोबती, माझं समदं ऐकतो, आन् म्या त्याचं एक ऐकलं न्हाय." शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली होती. "आता कुठल्या तोंडानं बोलू त्याच्यासंगं? लाज वाटती."

दीड महिना मी समजत होते, की हा सगळा मामला माझ्याभोवती फिरतोय. माझे कान, माझी किटली, माझी माफी. ती मला मोजतच नव्हती. तिचं भांडण तिच्या आणि त्याच्यामधलं होतं. मला जरा अपमान झाल्यासारखंही वाटलं, खरं सांगते.

पण मग मला काहीतरी सुचलं, आणि ते वडिलांच्या शिकवणीतलं नव्हतं.

"आत्या, तुम्हाला माझा राग आला होता ना?"

"आला हुता की."

"बोलत नव्हतात माझ्याशी."

"न्हवते बोलत."

"मग माझ्या चटणीवर तेल घालायला एक दिवस तरी विसरलात का?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"मग तो काय तुमच्यापेक्षा कमी हाय का?" मी म्हटलं.

 तिनं बोटांतली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि टरफलं गोळा करायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, की पोरीची शाळेची कापडं आखूड झाल्यात, वाशीला जायच्या आधी उसवून घ्यायला पाहिजेत. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी किटली आपटली, ओरडले आणि निघाले. काकूंकडं अर्धा तास बसले, दूध घेतलं आणि परत फिरले. आमच्या घराअलीकडं चार घरं असताना मुसळाचा आवाज आला. म्हणजे अजून कुटणं चालू होतं. धप्प, धप्प, धप्प, धप्प. मग थांबलं.

मी जागेवरच उभी राहिले. थोड्या वेळानं परत चार घाव. परत थांबलं. या वेळी बराच वेळ. शब्द तिथवर येत नव्हते आणि देवाशपथ सांगते, मला ते ऐकायचेही नव्हते. मी फक्त तिचं थांबणं ऐकत होते. कधी लहान, कधी मोठं. मधूनच दोन घाव घाईनं, जसं कुणी आपलंच म्हणणं पुढं रेटावं, आणि मग परत गप्प.

दूधवाल्या काकू म्हैस सोडून निघाल्या होत्या, त्यांनी मला बघितलं. म्हणाल्या, "घर इसरलीस का काय? ऊन लागलं तर दूध नासंल की."

"जाते," मी म्हटलं, आणि तिथंच उभी राहिले. दूध खरंच नासलं त्या दिवशी. आत्यानं विचारलं, एवढा वेळ कुठं होतीस. मी म्हटलं, गप्पात रंगले. तिनं मान हलवली आणि नासक्या दुधात गूळ घालून पोरीला खाऊ केला. दोन दिवसांनी ढाबेवाला जाता जाता म्हणून गेला, की आता कसं, तेल सुटलं बघा.

जूनमध्ये मी आणि मुलगी वाशीला निघालो. आत्या एस.टी. स्टँडवर आली. संध्याकाळच्या प्रार्थनेत आदल्या दिवशी तिनं आमच्यासाठी चांगली प्रार्थना केली होती, पण स्टँडवर तिनं डोळे उघडे ठेवून मला सांगितलं, की तू जातीयस हे मला आवडलेलं न्हाय, पर जा. एवढं सरळ ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. तिनं चटणीचा डबा दिला. लाल झाकणाचाच होता. 

तुळजापूरला गाडी बदलून, येरमाळ्यावरून वाशीला पोहोचेपर्यंत चार वाजले. संस्थेच्या बाईंनी माझं पत्र हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, वास घेतला आणि विचारलं, हे जेवणाच्या डब्यात ठेवलं होतं का. मी हो म्हटलं. खोली दाखवली. एक खाट, एक कपाट, पाण्याचा माठ. मुलगी पळत पटांगण बघायला गेली. मी खाटेवर बसून नळदुर्गला फोन लावला.

"आत्या, पोहोचलो."

"बरं झालं. पोर कुठाय?"

"खेळायला गेली. तुम्ही जेवलात का?"

"जेवले की."

"एकट्याच?"

"न्हाय," ती म्हणाली, आणि मला कळलं. मग तिनं विचारलं, "त्याला सांगितलंस का, पोचले म्हणून?"

मी म्हटलं, "त्याला माहीत असतंच की, आत्या."

"मला बी म्हाईत हुतं तू पोचणार हाईस. तरी स्टँडवरनं आल्यापास्नं फोनपाशी बसले हुते न्हवं."

 तिनं बरं मग म्हणून फोन ठेवला. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतून मुलीचा आवाज येत होता. मी डोळे मिटायला गेले आणि मिटले नाहीत. हे सर्वज्ञ, हे परमकृपाळू, असलं काही तोंडात आलं होतं, तेही सोडून दिलं. खाटेच्या दुसऱ्या टोकाला जागा होती. तिकडं बघून मी म्हटलं, "पोहोचले."